सदाफुलीच्या पाटीवर जमैकाचंही नाव हवं

प्रति,
डी. फार्म. आणि बी. फार्म.चा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

एकतीस वर्षं मी फार्माकॉग्नोसी, म्हणजे औषधी वनस्पतींचं शास्त्र, शिकवलं. निवृत्तीला दोन वर्षं झाली. वनस्पतीचा उपयोग कोणत्या लोकांकडून कळला आणि अपाय कुणाच्या लक्षात आला हेही मुलांना शिकवा, हे सांगणारं पत्र नोकरीत असतानाच लिहायला हवं होतं, पण पेपर, जर्नलं आणि इन्स्पेक्शनच्या रगाड्यात राहून गेलं. एका व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, आठवण मात्र अजून स्वस्थ बसू देत नाही. तिथूनच सुरुवात करते.

डी. फार्म.ची मुलगी होती, खेड्यातून आलेली. टेबलावर सदाफुलीची फांदी ठेवली होती. तिने एका दमात सांगितलं: कॅथरँथस रोझियस, कुळ अपोसायनेसी, व्हिनक्रिस्टीन, व्हिनब्लास्टीन, उपयोग कर्करोगावर. एकही चूक नाही. मी विचारलं, "या झाडात औषध आहे हे कळलं कसं?" ती गोंधळली. म्हणाली, "मॅडम, कंपनीने शोधलं." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली, मार्क मांडले. उठता उठता ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, माझी आजी रोज सकाळी याची फुलं खाते, शुगरसाठी." आणि लगेच, "सॉरी मॅडम."

परीक्षेच्या खोलीत आजीचा विषय काढला, एवढाच तिचा गुन्हा. तो गुन्हा आहे असं तिला कुणी शिकवलं? आम्हीच. मीही त्यात आले. आणि खरं सांगायचं तर तिचं कंपनीचं उत्तर अपुरं होतं, आजीचं वाक्य खऱ्या उत्तराच्या पार जवळ होतं.

ते उत्तर असं. १९५२ साली कॅनडातल्या टोरंटोत डॉ. क्लार्क नोबल यांना टपालाने एक पाकीट आलं. आत सदाफुलीची पंचवीस पानं. पाठवणारे होते कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावरचे डॉ. जॉन्स्टन. इन्शुलिन मिळत नसलं की इथली माणसं या पानांचा काढा मधुमेहावर घेतात, त्यात काही तथ्य आहे का पाहा, असा निरोप होता. क्लार्क नोबल आता थकले होते. १९२१ मध्ये इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांच्या मदतीला दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोणी जायचं यासाठी नाणं उडवलं गेलं, त्यात जिंकले चार्ल्स बेस्ट आणि हरले ते हेच नोबल. त्यांनी ती पानं आपल्या भावाकडे, ऑन्टारियोतल्या वेस्टर्न विद्यापीठात काम करणाऱ्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्टनी उंदरांना काढा पाजला. साखर काही उतरली नाही. मग अर्क शिरेतून टोचला, तर उंदीर आठवड्याच्या आत जंतुसंसर्गाने मेले. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी कोसळलेल्या दिसल्या. दुसऱ्या कुणी 'साखरेवर उपयोग नाही' असा शेरा मारून पानं टाकून दिली असती. यांनी विचार केला की जे द्रव्य पांढऱ्या पेशी मारतं, ते रक्ताच्या कर्करोगात कामाला येईल. चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाने ते द्रव्य वेगळं काढलं आणि १९५८ मध्ये ते जगापुढे मांडलं. तेच व्हिनब्लास्टीन. त्याच सुमारास एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांचंही याच झाडावर काम चाललं होतं, त्यातून व्हिनक्रिस्टीन आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिलं जातं.

कामाची सुरुवातीची पानं जमैकातूनच येत होती. सदाफुली मूळची मादागास्करची, हे पुस्तकात असतं आणि ते बरोबरच आहे. पण ऑन्टारियोच्या प्रयोगशाळेपर्यंत ती पोचली ती जमैकातल्या ज्यांच्या परसात इन्शुलिन पोचत नव्हतं, त्या माणसांच्या काढ्यामुळे. पुस्तकात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

कोण होती ही माणसं? आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज. आपली झाडं त्यांना जहाजातून आणता आली नव्हती. नव्या बेटावर जे उगवतं त्यातलं काय कशावर चालतं हे त्यांनी मूळच्या रहिवाशांकडून घेतलं, गावाकडच्या झाडाशी साम्य दिसेल ते ओळखून घेतलं, बाकीचं चाखून, उकळून, चुकून शिकलं. मालकाचा डॉक्टर यायचा तो मजूर पुन्हा उसाच्या शेतात उभा करायला. पोरांचा ताप, बाळंतपण, जखमा हे सगळं झोपडीमागच्या तुकड्यावर लावलेल्या झाडपाल्यावर निभायचं. हैतीत पानांचं ज्ञान असलेल्याला 'डॉक्ते फेय' म्हणतात, पानांचा डॉक्टर. ग्वाडलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांवर 'रिमेद राझिये', जमैका-त्रिनिदादकडे साधं 'बुश' किंवा 'बुश टी'. मेरी सीकोल यांचं नाव क्रिमियन युद्धातल्या शुश्रूषेसाठी घेतलं जातं. त्या किंग्स्टनच्या, आणि औषधपाण्याचे पहिले धडे त्यांनी आईकडून घेतले होते.

आपल्या विद्यार्थ्यांना ही झाडं परकी वाटणार नाहीत, म्हणून तर मी आग्रह धरते आहे. जमैकातली 'सेरासी' म्हणजे रानकारल्याचा वेल. तिथे फळापेक्षा वेलाला मान. पानांसकट वेल उकळायचा आणि तो कडूजहर काढा पोरांच्या गळी उतरवायचा. त्यांचं 'फीव्हर ग्रास' म्हणजे आपला गवती चहा. 'लीफ ऑफ लाइफ' म्हणजे पानफुटी, जिचं पान वहीत ठेवलं तरी कडेला कोंब फुटतात. त्रिनिदादमध्ये तिलाच 'जगातलं नवल' अशा अर्थाचं नाव आहे. जमैकाचं काळं एरंडेल बी भाजून मग काढतात, त्यामुळे त्याला तो रंग आणि खरपूस वास. त्रिनिदादमध्ये शाळेची ऑगस्टची सुट्टी संपत आली की मुलांना आधी अंगातली उष्णता काढणारे थंड काढे आणि मग सोनामुखीचा जुलाब, हा घरोघरचा रिवाज. उष्ण-थंडाचं हे गणित कुठल्याही मराठी घरात समजावून सांगावं लागणार नाही.

१८४५ पासून १९१७ पर्यंत करारावर नेलेले भारतीय मजूर या बेटांवर उतरले. बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांनी तुळस, कडुनिंब, हळद नेली. त्रिनिदादमध्ये हळदीला आजही 'हरदी' म्हणतात आणि तिथल्या 'शॅडो बेनी' या रानकोथिंबिरीसारख्या पाल्याला दुसरं नाव पडलं 'भांधनिया', म्हणजे बनधनिया. बाळाला दृष्ट लागली तर नारळाच्या हिरांनी 'झारतात'. ते वाचलं तेव्हा माझ्या आईच्या हातातला खराटा डोळ्यासमोर आला. गांजाही याच मजुरांबरोबर गेला, शब्दासकट. त्या गांजापासून पुढे वेस्ट इंडीज विद्यापीठातले मॅन्ली वेस्ट आणि अल्बर्ट लॉकहार्ट यांनी काचबिंदूवरचे थेंब तयार केले, कॅनासॉल, १९८७ मध्ये.

या ज्ञानाचं त्या त्या काळच्या सत्तेने काय केलं, हेही मुलांना कळायला हवं. मला यातली सगळ्यात जास्त टोचते ती शंकासुराची हकिगत. आपल्या प्रत्येक फार्मसी कॉलेजच्या कुंपणाला शंकासुर असतो, लाल-पिवळा. बार्बेडोसचं ते राष्ट्रीय फूल आहे. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार १६९९ ते १७०१ दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरिनाममध्ये, किडे-पाखरं रंगवत होती. १७०५ च्या ग्रंथात तिने या झाडाच्या चित्राशेजारी लिहून ठेवलं की डच मालकांच्या छळात पिचलेल्या गुलाम बायका याच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात, आपलं मूल गुलामीत जन्मू नये म्हणून. हे तिला त्या बायकांनी स्वतः सांगितलं होतं. झाड युरोपात गेलं आणि बागांमध्ये रुजलं. बायकांचं सांगणं औषधाच्या ग्रंथांत शिरलं नाही. मी तीस वर्षं त्या झाडाखालून प्रॅक्टिकलला गेले आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

जमैकात १७६० मध्ये टॅकीच्या नेतृत्वाखाली झालेल्या गुलामांच्या बंडानंतर 'ओबिआ'विरुद्ध कायदा आला. मंत्रतंत्र, विष, झाडपाला सगळं त्या एका शब्दात कोंबलं गेलं, शिक्षा मृत्यूपर्यंत. १८९८ चा ओबिआ कायदा आजही तिथल्या पुस्तकात आहे. फ्रेंच बेटांची कथा वेगळ्या तऱ्हेने तीच. १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा आणली, १८०३ मध्ये फ्रान्सचा औषधव्यवसायाचा कायदा झाला, १८१८ मध्ये अधिकृत औषधकोश निघाला. गुलामांच्या परसातल्या वनस्पतींना त्यात जागा नव्हती, आणि १८४८ मध्ये गुलामी गेल्यावरही ती मिळाली नाही. ग्वाडलूपचे फार्मासिस्ट आन्री जोझेफ आणि वकील इझाबेल रोबार यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २००९ मध्ये कायदा बदलला आणि २०१३ मध्ये त्या बेटांवरच्या चाळीसहून अधिक वनस्पती फ्रान्सच्या औषधकोशात आल्या. एका फार्मासिस्टने केलेलं हे काम! आपल्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना आपल्या व्यवसायाबद्दल वेगळं काही वाटेल की नाही?

आपण मुलांना हळदीच्या पेटंटची गोष्ट अभिमानाने सांगतो. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर ही आपली सरकारी संशोधन संस्था लढली, १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आमच्या आज्यांना हे आधीच ठाऊक होतं, हा आपला मुद्दा होता आणि तो मान्य झाला. मग जमैकातल्या आज्यांना काय ठाऊक होतं हे सांगताना आपण गप्प का? हळदीला लावलेलं माप सदाफुलीलाही लावा, माझं एवढंच म्हणणं आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे पत्र अर्धवट राहील, आणि माझ्या मते अभ्यासक्रमाच्या दृष्टीने तीच जास्त निकडीची आहे.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या वहिनींची केमोथेरपी चालू होती. एकदा भेटायला गेले तर ओट्यावर बरणी दिसली. हिरवट पूड, वर चिठ्ठी: लक्ष्मणफळ पाला, कॅन्सरवर रामबाण. रोज दोन चमचे, कोमट पाण्यातून. मेडिकलवाल्याने दिलं म्हणाल्या. मी त्या दुकानात गेले. मालक उठून उभा राहिला, "या ना मॅडम." भिंतीवर त्याचं डी. फार्म.चं प्रमाणपत्र. मी विचारलं, हे कशाच्या आधारावर देतोस? तो बिचारा खरोखर विश्वासाने देत होता. "मॅडम, नैसर्गिक आहे ना, अपाय तर नाही." त्याला मी काय बोलणार? लक्ष्मणफळाबद्दल त्याला आम्ही काही शिकवलंच नव्हतं.

कॅरिबियन बेटांवर लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा झोपेसाठी, मन शांत व्हावं म्हणून पिढ्यान् पिढ्या घेतात. १९९० च्या दशकात ग्वाडलूपच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की पार्किन्सनसारखी लक्षणं असलेले, पण त्यावरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारे रुग्ण आपल्याकडे फार आहेत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास छापून आला. या रुग्णांमध्ये लक्ष्मणफळ आणि त्याच्या भाऊबंदांची फळं आणि पाल्याचा काढा नेमाने घेणारे जास्त होते. त्यातलं अ‍ॅनोनासिन हे द्रव्य उंदरांच्या मेंदूतल्या पेशींना इजा करतं, हे पुढे दिसलं. माणसातला कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध झालेला नाही, तरीही रोज दोन चमचे पूड केमोच्या रुग्णाला देण्याआधी फार्मासिस्टचा हात थांबावा इतकं हे नक्कीच आहे.

याहून जुनी आणि जास्त दुःखाची गोष्ट जमैकाची. १९५० च्या दशकात किंग्स्टनजवळ मोना इथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात लहान मुलं यायची, पोट पाण्याने टम्म, यकृत मोठं आणि कडक. जेरिट ब्रास, डेरिक जेलिफ आणि केनेथ स्टुअर्ट यांनी १९५४ मध्ये या आजाराचं वर्णन छापलं: यकृतातल्या बारीक शिरा बुजून जातात. कारण निघालं बुश टी. सर्दीतापासाठी आईने प्रेमाने पाजलेल्या काढ्यात क्रोटालारिया आणि सेनेसिओ या झाडांचा पाला होता, आणि त्यात यकृताला मारणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स. क्रोटालारिया म्हणजे आपला ताग (बोरू), आपला खुळखुळा यांच्याच घरातलं झाड. १९७० च्या दशकात आताच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात गोंदली या भरडधान्यात क्रोटालारियाच्या बिया मिसळल्या गेल्या आणि हाच आजार तिथल्या आदिवासी गावांत पसरला. त्या बिया ओळखू शकणारा एक जरी प्रशिक्षित माणूस गावाजवळ असता तर!

जमैकाच्या डॉक्टरांनी आयांना दोष दिला नाही. कोणता पाला नको हे लोकांना सांगितलं, आणि पुढच्या दशकांत तो आजार तिथे जवळजवळ दिसेनासा झाला. बाकीचे काढे लोक पीत राहिले. मला हे फार मोलाचं वाटतं.

कॅरिबियनमध्ये 'ट्रामिल' नावाचं जाळं १९८० च्या दशकापासून हेच काम पद्धतशीर करतं आहे. सुरुवात हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये झाली. त्यांची रीत साधी. घरोघर जायचं आणि आईला विचारायचं, मुलाला जुलाब झाले तर तू सगळ्यात आधी काय करतेस? कोणतं झाड, त्याचा कोणता भाग, किती, कसं उकळून, किती दिवस? निदान वीस टक्के घरांत एखादा उपाय आढळला तरच तो पुढे घ्यायचा. मग प्रयोगशाळेत आणि ग्रंथांत तपासून तीनपैकी एक शिक्का: वापरायला हरकत नाही, विषारी, किंवा अजून तपासायला हवं. निकाल पुन्हा त्याच घरांपर्यंत न्यायचा. त्यातून कॅरिबियन औषधवनस्पतींचा कोश तयार झाला.

हे आपल्या मुलांना जमणार नाही असं कुणी मला सांगू नये. दरवर्षी हजारो मुलं-मुली खेड्यापाड्यांतून फार्मसीला येतात. त्यांच्या घरांत आज्या आहेत. सुट्टीत प्रत्येकाने दहा घरांत हे प्रश्न विचारले तर हर्बेरियमच्या वाळलेल्या फांद्यांपेक्षा जास्त काही हाताला लागेल. म्हणून मी नवा विषय मागत नाही, तास वाढवून मागत नाही. फार्माकॉग्नोसीच्या आहे त्याच घटकांत अर्धं पान बसवा. औषधाच्या प्रत्येक वनस्पतीखाली कुळ आणि घटकद्रव्यांबरोबर हेही यावं की हा उपयोग कोणत्या लोकांकडून कळला, आणि अपाय कुणाच्या लक्षात आला. कॅरिबियनचं उदाहरण त्यासाठी घ्या, कारण तिथे सदाफुली (औषध मिळालं), क्रोटालारिया (अपाय सिद्ध झाला) आणि लक्ष्मणफळ (शंका आहे) या तिन्ही तऱ्हा एकाच मुलखात, नावासालासकट सापडतात. व्हायवात त्यावर एक प्रश्न असावा. घरी कुणी हे वापरतं का, असाही एक असावा, आणि त्याचं खरं उत्तर देणाऱ्याचे मार्क कापले जाऊ नयेत.

कॉलेजच्या वनौषधी बागेत पाट्या असतातच, इन्स्पेक्शनच्या आधी रंगवतो आपण त्या. सदाफुलीच्या पाटीचा माझा मसुदा देते, कमीजास्त करावा:

"सदाफुली. मूळ मादागास्कर. जमैकातले लोक पानांचा काढा मधुमेहावर घेत. तिथून १९५२ मध्ये कॅनडाला गेलेल्या पंचवीस पानांवरून व्हिनब्लास्टीन हाती आलं. झाड विषारी आहे. घरी काढा करू नये, फुलं-पानं खाऊ नयेत. घरात कुणी खात असेल तर शिक्षकांना सांगा."

अशीच टिपणं मी बारा वनस्पतींची केली आहेत, मराठीत, प्रत्येकी एका पानाची: शंकासुर, कारलं, पानफुटी, एरंड, गवती चहा, लक्ष्मणफळ, सोनामुखी, खुळखुळा वगैरे. पुढच्या आठवड्यात ती रजिस्टर टपालाने समितीकडे येतील. चुका असतील तिथे लाल पेनाने खुणा करून परत पाठवा, मी दुरुस्त करून देईन. बैठकीला बोलावलंत तर स्वखर्चाने येईन.

आपली,
फार्माकॉग्नोसीची एक निवृत्त शिक्षिका